अमेरिकेंतील फुटबॉलचा मक्ता

फुटबॉलचा नवा संघ काढणें म्हणजे काय, असें आपल्याकडे कोणी विचारलें तर उत्तर सोपें वाटेल. अकरा खेळाडू, एक चेंडू, एक मैदान, आणि वर्गणी देणारे दहा-वीस गृहस्थ मिळाले कीं संघ झाला. मुंबईकडील कित्येक संघ असेच निघाले. कांहीं गिरण्यांनीं काढले, कांहीं कचेऱ्यांनीं, कांहीं पलटणींनीं, तर कांहीं आळींतल्या पोरांनीं. मूळ पुरुषाचा उत्साह टिकला तोंपर्यंत ते चालले, आणि पुढें बंद पडले तेव्हां त्यांपायीं कोणाचें दिवाळें वाजलें असें ऐकिवांत नाहीं.

परंतु आज ज्या प्रकाराविषयीं बोलावयाचें आहे तो अगदीं निराळा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वरच्या दर्जाच्या धंदेवाईक फुटबॉलचा नवा संघ काढूं इच्छिणाऱ्यानें प्रथम एक हक्क विकत घ्यावयाचा असतो. त्या हक्कास ‘फ्रँचाइझ’ म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरी भाषेंत त्याला मक्ता म्हणतां येईल. २००९ मध्यें सिॲटल शहराचा संघ खेळूं लागला, त्याच्या मालकांनीं ह्या मक्त्यापोटीं तीन कोटि डॉलर मोजले होते. २०२५ मध्यें सॅन डिएगोचा संघ उतरला, त्याला पन्नास कोटि पडले. हे पैसे खेळाडूंचे नव्हेत, मैदानाचे नव्हेत, चेंडूचे तर नव्हेतच. ते नुसते दारांतून आंत येण्याचे. आणि ज्या देशांत ह्या खेळाला गिऱ्हाईक आहे कीं नाहीं याचीच शंका तीस-चाळीस वर्षें घेतली जात होती, त्याच देशांत ते मोजले गेले. हें कसें झालें, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडांत, व बहुतेक सर्व युरोपांत, फुटबॉलच्या लीगा एकीवर एक अशा पायऱ्यांसारख्या रचलेल्या असतात. कोणीही नवा संघ काढावा, तळाच्या पायरीवर उभें राहावें, आणि जिंकत जिंकत वर चढावें. हरत गेल्यास खालीं उतरावें. विंबल्डन हा लंडनमधील जुना संघ मिल्टन कीन्स ह्या दूरच्या गांवीं हलविण्याची परवानगी २००२ मध्यें मालकांना मिळाली, तेव्हां संतापलेल्या चाहत्यांनीं ए. एफ. सी. विंबल्डन नांवाचा स्वतःचा संघ काढला. नऊ हंगामांत पांच वेळां बढती मिळवून तो २०११ मध्यें फुटबॉल लीगमध्यें दाखल झाला. तेथें प्रवेशाची किंमत खेळून द्यावयाची असते. अमेरिकेंत ही शिडीच नाहीं. १८७६ मध्यें बेसबॉलची नॅशनल लीग निघाली तेव्हांपासून तेथें निराळी वहिवाट पडली आहे. लीग म्हणजे संघमालकांची एक बंद मंडळी. आंत किती संघ घ्यावयाचे हें त्यांनींच ठरवावें, प्रत्येकास एकेक मुलूख तोडून द्यावा, आणि त्या मुलखांत दुसऱ्यानें पाल ठोकूं नये. अशा लीगमधील संघ कितीही हरला तरी खालीं उतरत नाहीं. म्हणजे हरण्याची भीति जवळजवळ नाहींशी झाली. भीति उरली ती एकच, लोक पाहावयास आले नाहींत तर काय?

ती भीति खोटी नव्हती. १९६६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेंत टेलिव्हिजनवर दाखविला गेला आणि तेथील श्रीमंत क्रीडा-व्यापाऱ्यांना एकाएकीं साक्षात्कार झाला. १९६७ मध्यें एक सोडून दोन धंदेवाईक लीगा सुरू झाल्या. एकीला जागतिक संस्थेची मान्यता होती, पण खेळाडू नव्हते. दुसरीपाशीं टेलिव्हिजनचा करार होता, पण मान्यता नव्हती. पहिलीनें जी युक्ति काढली ती ऐकून हंसूं येईल. तिनें परदेशांतले अख्खे संघच उन्हाळ्यापुरते आणले आणि त्यांना अमेरिकन शहरांचीं नांवें दिलीं. इंग्लंडचे वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हे लॉस एंजेलिस वुल्व्ह्ज झाले, स्कॉटलंडचे ॲबर्डीन हे वॉशिंग्टन व्हिप्स झाले, आणि ह्या दोघांतच अंतिम सामना होऊन ‘लॉस एंजेलिस’ ६-५ असें जिंकलें. त्या शहराच्या नागरिकानें ह्या विजयाचा अभिमान कोणत्या नात्यानें बाळगावा, याचा विचार फारसा कोणी केला नसावा. पुढच्या वर्षीं दोन्ही लीगा एक होऊन सतरा संघांची नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग निघाली. १९६९ मध्यें त्या सतरांतले पांच उरले होते.

पांचांवरून ती लीग पुन्हां वर आली त्यांत मोठा वांटा न्यू यॉर्कच्या कॉसमॉस ह्या संघाचा होता. हा संघ १९७१ मध्यें खेळूं लागला. त्याच्यामागें वॉर्नर कम्युनिकेशन्स ही सिनेमा व संगीताचा व्यापार करणारी बडी कंपनी होती. म्हणजे लोकांना दारापर्यंत ओढून आणण्याची विद्या तिच्या हाडींमासीं खिळलेली. तिनें १९७५ च्या जूनमध्यें पेलेला करारबद्ध केलें. त्याचा पहिला सामना न्यू यॉर्कमधील रँडल्स बेटावरच्या एका जुन्यापुराण्या मैदानांत झाला. पुढें इटलीचा कीनाल्या, जर्मनीचा बेकेनबाउअर, ब्राझीलचाच कार्लोस आल्बेर्तो अशी एकाहून एक नामांकित मंडळी आली. आणि १४ ऑगस्ट १९७७ रोजीं न्यू जर्सीमधील जायंट्स स्टेडियमवर ह्या संघाचा सामना पाहण्यास ७७,६९१ माणसें जमलीं. त्याच सालीं २४ सप्टेंबरला हा संघ कलकत्त्यास येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशीं २-२ असा बरोबरींत खेळला. त्या दिवसाची आठवण कलकत्त्यानें अजून जपून ठेविली आहे, आणि पेलेचे पाय बांधून ठेवणाऱ्या बंगाली बचावाचें वर्णन तेथें आजही चवीनें केलें जातें.

अशा यशानें जी नशा चढते ती त्या लीगलाही चढली. १९७८ मध्यें संघांची संख्या चोवीस झाली. नवा मक्ता विकला कीं रोख पैसा हातीं येतो. तेव्हां विकत घेणाऱ्याची ऐपत कितपत आहे, त्याच्या गांवीं चार वर्षांनीं कोणी तिकीट काढील कीं नाहीं, हें पाहण्यास सवड कोणाला असते? १९७७ मध्यें हवाई बेटांना एक संघ मिळाला. एका हंगामांत त्यानें गाशा गुंडाळला व तो ओक्लाहोमा संस्थानांतील टुल्सा येथें गेला. त्याच वर्षीं लास व्हेगासला संघ मिळाला. तोही एका हंगामानंतर सॅन डिएगोस गेला. १९७८ मध्यें कोलोरॅडोचा संघ छातीवर चामड्याची झालर लोंबणारा सदरा घालून मैदानांत उतरला. तो सदरा आजही विनोदाचा विषय आहे. संघ मात्र एका हंगामानंतर अटलांटास हलला. टेलिव्हिजनच्या ए. बी. सी. कंपनीनें १९७९ मध्यें सामने दाखविण्यास घेतले. प्रेक्षक थोडे म्हणून पुढच्या वर्षानंतर तिनें अंग काढून घेतलें. दरम्यान पेलेच्या तोडीचा नाहीं तरी पेलेसारखा दिसणारा एखादा खेळाडू आपल्याहीपाशीं असावा ह्या ईर्षेनें गांवोगांवचे मालक युरोपांतल्या उतारवयाच्या खेळाडूंवर पैसा ओतीत होते. १९८४ चा हंगाम नऊ संघांवर आला, आणि १९८५ मध्यें लीगचा पडदा वर गेलाच नाहीं.

मीं ‘पडदा’ हा शब्द जाणूनबुजून वापरला. आपल्या नाटकमंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या कथेंत ओळखीचें पुष्कळ सांपडेल. एका नटाच्या नांवावर गर्दी लोटते. मग त्याला साजेसे गालिचे येतात, भरजरी पोषाख येतात, अत्तरें येतात. शेजारची मंडळीही कर्ज काढून तेंच करूं लागते. आणि ज्या गांवांत महिन्याला चार खेळ भरण्याची मारामार, तेथेंही तोच थाट मांडला जातो. नट थकला कीं प्रेक्षक थकतो, कारण तो मंडळीचा प्रेक्षक कधीं झालेलाच नसतो. तो त्या एका नटाचा असतो.

ह्यानंतर दहा-अकरा वर्षें अमेरिकेंत मैदानी फुटबॉलची पहिल्या दर्जाची लीगच नव्हती. १९८८ मध्यें फिफा ह्या जागतिक संस्थेनें १९९४ चा विश्वचषक अमेरिकेस दिला आणि त्याबरोबर धंदेवाईक लीग पुन्हां सुरू करण्याचें वचन घेतलें. विश्वचषकाच्या बावन्न सामन्यांना पस्तीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले. अर्थात् त्यांत जगभरचे पाहुणे होते, आणि जो देश सर्कस पाहावयास लोटतो तो दर आठवड्यास गांवच्या आखाड्यावर जाईलच असें नाहीं. म्हणून ६ एप्रिल १९९६ रोजीं दहा संघांची मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हां तिच्या चालकांनीं जुन्या लीगच्या चुका कागदावर मांडून त्यांवर एक विलक्षण तोड काढली होती.

ती तोड अशी. संघ स्वतंत्र ठेवावयाचेच नाहींत. सर्व लीग ही एकच कंपनी. पैसे घालणारा गृहस्थ वस्तुतः त्या कंपनीचा भागीदार, आणि एका शहराचा संघ चालविण्याचा अधिकार त्याला कंपनीकडून मिळालेला. खेळाडूचा करार संघाशीं नाहीं, लीगशीं. पगार लीगनें द्यावयाचा, आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घालावयाची. एकत्र कुटुंबांत धाकट्यानें मोटार घेतली म्हणून थोरल्यानें घ्यावी असें होऊं नये यासाठीं तिजोरीची किल्ली कर्त्याच्या कमरेला असते, तसा हा प्रकार. खेळाडूंना तो रुचला नाहीं, आणि कां रुचावा? नोकरी देणारे दहा मालक असण्याऐवजीं एकच मालक असला तर पगाराची घासाघीस करावयाची कोणाशीं? त्यांनीं १९९७ मध्यें फिर्याद लावली. २००० मध्यें ज्यूरीनें लीगच्या बाजूनें कौल दिला आणि २००२ मध्यें वरच्या न्यायालयानेंही तो कायम केला. न्याय कोणत्या बाजूचा होता याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण ह्या बंधनावांचून ती लीग पहिलीं दहा वर्षें जगली नसती असें मला वाटतें.

बंधन असूनही ती मरणाच्या दारांत जाऊन आलीच. पहिल्या वर्षीं सामन्यास सरासरी १७,४०६ प्रेक्षक आले. नवी नवलाई ओसरली आणि २००० पर्यंत ही सरासरी चवदा हजारांच्या खालीं गेली. पहिल्या पांच वर्षांत सुमारे पंचवीस कोटि डॉलर बुडाल्याचा अदमास त्या वेळीं प्रसिद्ध झाला होता. २००२ च्या जानेवारींत दोन संघ बंद करण्यांत आले. त्यांतला मायामीचा संघ विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९९८ मध्यें त्याच्या मालकानें दोन कोटि डॉलर देऊन मक्ता घेतला होता, आणि २००१ च्या साखळी-सामन्यांत सर्व लीगमध्यें हाच संघ पहिला आला होता. ज्या वर्षीं पहिला, त्याच वर्षाच्या अखेरीस बंद! उरलेल्या दहा संघांपैकीं सहा एका वेळीं फिलिप अँशूट्झ ह्या एकाच धनिकाकडे होते. म्हणजे एका गृहस्थाचे कित्येक संघ आपसांतच खेळत होते. स्पर्धेचें हें चित्र हास्यास्पद खरें, पण तो गृहस्थ कंटाळला असता तर आजचें कांहींच उभें राहिलें नसतें.

सुधारणेचें बीज एका लहानशा गोष्टींत होतें. अमेरिकन फुटबॉल म्हणून जो त्यांचा धक्काबुक्कीचा खेळ आहे त्याचीं मैदानें साठ-सत्तर हजार लोकांचीं. त्यांत पंधरा हजार माणसें बसलीं म्हणजे तो सामना कमी व शोकसभा अधिक दिसते. शिवाय मैदान दुसऱ्याचें. भाडें आपण द्यावें, आणि गाड्या उभ्या करण्याचें व खाण्यापिण्याचें उत्पन्न त्यानें घ्यावें. लमार हंट ह्या जुन्या मुरब्बी मालकानें १९९९ मध्यें ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें केवळ फुटबॉलसाठीं सुमारे बावीस हजार आसनांचें साधें मैदान तीन कोटींहून कमी खर्चांत बांधलें. तें दिसावयास कांहीं राजवाडा नव्हतें. पण तें भरलेलें दिसे, आणि त्याची तारीख ठरविण्यास दुसऱ्याची परवानगी लागत नसे. पुढें बहुतेक गांवांनीं हाच कित्ता गिरविला.

आतां सिॲटलकडे वळूं. कारण तेथील मंडळींनीं हा नियम मोडला आणि तरीही त्यांना यश आलें.

वायव्य टोंकाचें हें पावसाळी शहर फुटबॉलला नवखें नव्हतें. जुन्या लीगमध्यें १९७४ पासून १९८३ पर्यंत सिॲटल साउंडर्स हा संघ होता. १९७६ मध्यें पेलेच्या कॉसमॉसशीं झालेल्या त्याच्या प्रदर्शनी सामन्यास अठ्ठावन्न हजार लोक आले होते. तो बुडाल्यावर १९९४ पासून त्याच नांवाचा खालच्या दर्जाचा संघ पोटापुरतें मिळवीत खेळत राहिला, आणि त्यानें आपल्या वर्गांत चार वेळां अजिंक्यपद पटकाविलें. हें मीं मुद्दाम सांगतों, कारण ‘नवा संघ’ ह्या शब्दानें फसगत होते. संघ कागदावर नवा होता. गांवांत त्याचें नांव पस्तीस वर्षांचें होतें. बाप पोराला ‘आम्हीं पेलेला पाहिलें’ म्हणून सांगत होता, आणि पोरगा शनिवारीं शाळेच्या मैदानावर तोच खेळ खेळत होता.

२००७ च्या नोव्हेंबरांत मक्ता जाहीर झाला. भागीदार चार: बहुतेक भाग घेणारा हॉलीवुडचा चित्रपट-निर्माता जो रॉथ, जुना खालच्या दर्जाचा संघ चालविणारा स्थानिक गृहस्थ एड्रियन हॅनॉअर, मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांपैकीं पॉल ॲलन, आणि ड्रू कॅरी हा टेलिव्हिजनवरचा विनोदी नट. पैसा एकाचा, अनुभव दुसऱ्याचा, आणि तिसऱ्यापाशीं शहरांतल्या अमेरिकन फुटबॉल-संघाची आयती कचेरी व नोकरवर्ग, अशी ही जुळणी होती. नव्या धंद्यांत पहिल्या दोन वर्षांत जो पैसा शिकाऊ माणसांच्या चुकांत जातो, तो येथें बराच वांचला. कॅरीनें मात्र भागीदारींत येतांना दोन चमत्कारिक अटी घातल्या म्हणतात: संघाचें स्वतःचें वाजंत्रीपथक असावें, आणि संघाच्या व्यवस्थापकास नोकरींतून काढण्याचा अधिकार प्रेक्षकांना असावा. ही दुसरी कल्पना त्यानें स्पेनमधील बार्सिलोना संघापासून उचलली होती. दोन्ही अटी मान्य झाल्या. हंगामाचें तिकीट काढणाऱ्यास दर चार वर्षांनीं व्यवस्थापकाविषयीं मत देतां येऊं लागलें; २०१२ मध्यें पहिलें मतदान झालें आणि हॅनॉअर प्रचंड बहुमतानें जागीं राहिला.

नांवाची गोष्ट तर याहून बोधक आहे. २००८ च्या वसंतांत मालकांनीं तीन नवीं, झकपक नांवें लोकांपुढें ठेविलीं व त्यांतून एक निवडा म्हणून सांगितलें. ‘साउंडर्स’ हें नांव त्यांत नव्हतें. तें जुनाट वाटलें असावें. लोकांनीं गिल्ला केला, तेव्हां आपल्या मनाचें नांव लिहिण्यासाठीं एक कोरी ओळ ठेवण्यांत आली, आणि त्या ओळींत लोकांनीं ‘साउंडर्स’ लिहून तेंच नांव निवडून आणलें. सल्लागारांना पैसे देऊन जें कळलें नसतें तें मालकांना एका कोऱ्या ओळीनें फुकट कळलें. त्यांनीं तें ऐकलें, हें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. ऐकूं येऊनही न ऐकणारे मालक पुष्कळ असतात.

काळ मात्र याहून वाईट निवडतां आला नसता. सिॲटलचा बास्केटबॉल-संघ सुपरसॉनिक्स एकेचाळीस वर्षें त्या गांवीं होता. त्याच्या मालकांना सरकारी पैशानें नवें क्रीडागृह हवें होतें. योग्य परतावा मिळाल्यावांचून अशा कामीं शहरानें पैसा घालूं नये असा कौल नागरिकांनीं २००६ मध्यें मोठ्या बहुमतानें दिला होता. २००८ च्या जुलैंत तो संघ उठून ओक्लाहोमा सिटीस निघून गेला. सप्टेंबरांत त्याच शहरांतली वॉशिंग्टन म्युच्युअल ही पेढी बुडाली. अमेरिकेच्या इतिहासांत एवढी मोठी बँक पूर्वीं बुडाली नव्हती. १७ मार्च १९०९ नव्हे, २००९ रोजीं तेथील पोस्ट-इंटेलिजन्सर ह्या जुन्या दैनिकाचा शेवटचा छापील अंक निघाला. आणि दोनच दिवसांनीं, १९ मार्चला, नव्या साउंडर्सचा पहिला सामना होता.

त्या सामन्यास ३२,५२३ प्रेक्षक आले आणि संघानें न्यू यॉर्कचा ३-० असा पराभव केला. हंगामाचीं बावीस हजार तिकिटें आधींच विकलीं गेलीं होतीं. वर्षाची सरासरी एकतीस हजारांच्या आसपास पडली. लीगमध्यें ती सर्वांत अधिक होती. मैदान अमेरिकन फुटबॉलचेंच, सदुसष्ट हजारांचें. पण चालकांनीं वरचे मजले कापडानें झांकून टाकले व खालचींच आसनें विकावयास काढलीं. मागणी वाढली तशीं तीं थोडथोडीं वाढविलीं, एकदम नव्हे. मोठ्या मांडवांत पाटांच्या दोनच पंक्ति मांडून मधला पडदा सोडला म्हणजे जेवणावळ भरगच्च दिसते, तीच ही युक्ति. शिवाय हें मैदान त्यांना परकें नव्हतें. १९९७ मध्यें तें सार्वजनिक पैशानें बांधावें कीं नाहीं यावर संस्थानांत मतदान झालें, तेव्हां येथें आपलाही खेळ होईल ह्या आशेवर फुटबॉलच्या चाहत्यांनीं त्याच्या बाजूनें प्रचार केला होता, आणि प्रस्ताव थोडक्यांत निभावला होता. सदऱ्यावरील जाहिरातीसाठीं मायक्रोसॉफ्टनें पांच वर्षांचे सुमारे दोन कोटि डॉलर देऊं केले; म्हणजे मक्त्याच्या दोन-तृतीयांश रकमेची सोय एका करारानें लागली. खेळाडूंतही गोलरक्षक केसी केलर हा त्याच संस्थानांतला, युरोपांत नांव काढून घरीं परतलेला.

कांहीं टीकाकार म्हणतात कीं बास्केटबॉल-संघ गेला म्हणून फुटबॉलचें फावलें. ह्यांत थोडें तथ्य आहे. रुसलेल्या गांवाला मन रमविण्यास कांहीं तरी हवें होतें. पण तिकिटांची मागणी त्या आधींपासूनच सुरू झाली होती, आणि एखादा मालक आपला संघ पाठीवर टाकून निघून गेल्याचा घाव ताजा असतांना दुसऱ्या मालकाच्या हातीं आगाऊ पैसे देण्यास लोक सहसा धजत नाहींत. जे मालक निघून जाऊं शकतात त्यांच्यावर विश्वास ठेवण्यास कांहीं कारण लागतें. येथें तें मतपत्रिकेच्या व नांवाच्या रूपानें मिळालें होतें.

याच्या उलट उदाहरण लॉस एंजेलिसचें. तेथें २००५ मध्यें चीवास यू. एस. ए. हा संघ निघाला. मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहराच्या लोकप्रिय चीवास संघाची ती शाखा होती. हिशेब कागदावर बिनतोड होता: लॉस एंजेलिसमध्यें लाखों मेक्सिकन कुटुंबें आहेत, त्यांतलीं हजारों चीवासचीं भक्त आहेत, तीं सर्व येतील. पण भक्ताला मूळ देवस्थान ठाऊक असतें. त्याला शाखा कशाला हवी? आणि जे मेक्सिकन दुसऱ्या संघांचे चाहते, ते तर ह्या रंगाच्या वाऱ्यालाही उभे राहत ना. त्यांतून मैदानही शेजारच्या गॅलक्सी संघाचें, वांटून घेतलेलें. शेवटच्या हंगामांत सरासरी सात हजारांच्या आसपास आली. २०१४ मध्यें लीगनें तो संघ स्वतःच विकत घेतला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत बंद केला. तीनच दिवसांनीं त्याच शहरासाठीं नवा मक्ता जाहीर झाला, आणि त्यांतून निघालेला संघ २०१८ पासून स्वतःच्या मैदानावर खेळूं लागला. गांव तेंच, खेळ तोच, लोकसंख्या तीच.

मक्त्याची किंमत एवढी कां चढली, हा प्रश्न राहिला. २००७ मध्यें टोरोंटोचा संघ उतरला तो एक कोटींत; सिॲटलला तीन कोटि पडले; २०१५ मध्यें न्यू यॉर्कच्या दुसऱ्या संघास दहा कोटि, २०२२ मध्यें शार्लटला साडेबत्तीस कोटि. संघांच्या नफ्याशीं ह्या चढणीचा मेळ सरळ लागत नाहीं. एक कारण असें कीं नव्यानें दिलेली रक्कम जुन्या मालकांत वांटली जाते. पन्नास कोटि डॉलर एकोणतीस जणांत समान वांटले तर प्रत्येकास पावणेदोन कोटींच्या जवळ मिळतात, आणि तेवढ्यांत कित्येकांची वर्षाची तूट भरून निघेल. म्हणून टीकाकार विचारतात कीं हा धंदा खेळावर चालला आहे कीं नव्या गिऱ्हाइकाच्या प्रवेशमूल्यावर? चोवीस संघांपर्यंत फुगून फुटलेल्या जुन्या लीगचा दाखलाही ते देतात. दुसरी बाजू अशी कीं आजच्या लीगपाशीं स्वतःचीं मैदानें आहेत, पगाराची मर्यादा आहे, आणि टेलिव्हिजनचा मोठा करार आहे. २०२३ पासून ॲपल कंपनीनें दहा वर्षांसाठीं निदान अडीचशें कोटि डॉलरांचा करार केला. मला स्वतःला दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटतात. मक्ता घेणारा आतां नाटकमंडळीच्या मालकासारखा नसून भर पेठेंतली जागा घेणाऱ्या सावकारासारखा असतो. भाडें किती येतें हें तो फारसें पाहत नाहीं. पुढें विकतांना काय येईल हें पाहतो. जागेचा भाव चढता आहे तोंपर्यंत त्याचें गणित चुकत नाहीं.

ही पद्धति आतां आपल्याकडेही आली आहे, आणि पुणेंकरांना तिचा अनुभव आहे. २००७ पासून तेथें पुणे एफ. सी. हा संघ भारतीय लीगमध्यें खेळत होता. २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग निघाली तेव्हां पुण्याचा मक्ता वेगळ्याच मंडळींनीं घेतला व एफ. सी. पुणे सिटी हा दुसरा संघ उभा राहिला. फ्रान्सचा त्रेझेगे पहिल्या हंगामांत त्याच्याकडून खेळला; सिनेमांतले हृतिक रोशन हे एक भागीदार होते. एक वर्ष दोन्ही संघ एका शहरांत होते. २०१५ मध्यें जुना बंद झाला व त्याची प्रबोधिनी तेवढी नव्यानें घेतली. २०१७-१८ च्या हंगामांत नवा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ मध्यें तोही बंद झाला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघास मिळाली. बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत पांच हंगाम तिकिटें काढून येणाऱ्यांच्या हातीं सिॲटलसारखी मतपत्रिका नव्हती, आणि संघाच्या नांवासाठीं कोरी ओळही कोणी ठेविली नव्हती.